गॅस होता, पण झाकलेला

ते साल दोन हजार तेवीस, हळद शिजवायचे दिवस. हिंगोलीच्या एका दवाखान्यात चंद्रभागाबाई पडद्याअलीकडं आपल्या नंबराची वाट पाहत बसल्या होत्या. पलीकडं डॉक्टरांपुढं कुरुंद्याचे संतराम आणि पाय सुजलेली त्यांची बायको, नर्मदाबाई.

“मावशी, हृदयाची डावी बाजू चांगली आहे. उजवीच थकलीय. म्हणजे मूळ दुखणं फुफ्फुसात आहे. बिडी ओढायच्या का?”

“अगं बाई! काय बी इचारून राहिले, साहेब!”

“मग स्वयंपाक कशावर?”

“चुलीवर. लगीन झाल्यापासून.”

“त्या धुरानं फुफ्फुसं गेली. त्यांच्यात रक्त ढकलता ढकलता हृदय दमलं, म्हणून पाय सुजले. घरात गॅस नाही?”

“हाय की. झाकून ठेवलाय. पाव्हण्यांच्या चहापुरता.”

“झाकून? का?”

“सांगा की हो,” नर्मदाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

“गॅसवरची भाकर... मला गोड लागत न्हाई, साहेब.”

चंद्रभागाबाईंच्या घरीही गॅस असाच झाकलेला होता.

पुढचा पोळा झाला आणि नर्मदाबाई गेल्या. संतराम आता गॅसवर स्वतःच भाकर भाजतात.

चंद्रभागाबाईंनी त्या दिवशी दवाखान्यातून शिरड शहापूरला घरी जाताच चुलीपुढं बसलेल्या सुनेचे पाय अंगठ्यानं दाबून पाहिले. सूज नव्हती. तरी तिला त्यांनी तिथून उठवलं.