साडेसातशे वॅट

विजेच्या बिलाची भीती माणसाला कुठं अडाणी ठरवेल, सांगता येत नाही. बायको गेल्यापासून घरात मी आणि मुलगी ऋतुजा, दोघंच. तिनं गेमिंग कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, आणि गेम रंगात आला की कॉम्प्युटर बंद पडायला लागला. जुना पॉवर सप्लाय पुरत नव्हता. म्हणून आम्ही गंगाखेडहून परभणीला शकीलभाईंच्या दुकानात गेलो.

“साडेसातशे वॅटचा घ्या, सर,” शकीलभाई म्हणाले.

“साडेचारशेचा द्या. एवढ्याचं बिल कोण भरणार?”

“बाबा, बंद पडायलाय तो साडेचारशेचाच आहे,” ऋतुजा म्हणाली.

“मग पाचशेचा.” मी शिक्षक आहे. लवकर माघार घेत नाही.

शकीलभाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “सर, घरात माणसं किती?”

“तीन,” मी सवयीनं म्हणालो.

“अन् कुकर केवढा?”

“पाच लिटरचा.”

“मग रोज कुकर भरून भात लावता का? लागंल तेवढाच लावता ना? ह्ये बी तसंच हाय. मशीन मागंल तेवढीच वीज घेतंय. पण पाव्हणे आले तर कमी पडत न्हाई.”

ऋतुजा माझ्याकडं बघत होती. आता ती माझा ‘तीन’चा आकडा दुरुस्त करणार, असं वाटलं.

ती शकीलभाईंकडं वळली.

“भाई, साडेसातशेचाच द्या. तिघांना पुरायला पाहिजे.”