बाधित व्यक्ती क्रमांक एकेचाळीस

बोगदा झाला, मंडळी. बाह्यवळण रस्त्याच्या भरावाखालून, सात फूट रुंद, आतून चुना मारलेला. आख्यान संपलं. प्रसाद घ्या आणि निघा.

नाही, नाही — बसा. आजोबा, चप्पल सोडा. बोगदा झालेलाच नाही. तुम्ही काही ऐकलेलं नाही. पेटीवाले काका, तुम्हीही विसरा. तुम्हाला विसरण्याचा सराव आहे, मघाशी सूर विसरलात.

तर आजचा प्रश्न असा. सांगणं म्हणजे काय? भिंतीला कागद चिकटवला — सांगितलं का? भिंतीला सांगितलं. माणसाला सांगितलं का? आणि ज्याचं नाव कुठल्याच यादीत नाही, त्याला कोणी सांगायचं?

ऐका. एक गाव होतं. नाव सांगत नाही, तुमच्यापैकी कुणाची तरी सासुरवाडी निघायची. गावाच्या दोन वाड्या — वरची आणि खालची. मधे माळ. माळावर, खालच्या वाडीच्या अंगाला, करंजाचं झाड आणि झाडाखाली म्हसोबा. गोल दगड, शेंदूर फासलेला, तोंडावर भाव असा की आत्ताच जेवण झालंय.

या माळावरून बाह्यवळण रस्ता निघाला. गावातून जाणाऱ्या गाड्या आता गावाबाहेरून जाणार. चांगली गोष्ट आहे. कंपनीनं माहितीचा फलक लावला. फलकावर लिहिलं, ‘भराव स्तरनिहाय संपीडित करण्यात येईल.’ गावात तो फलक कोणी वाचला? एका म्हशीनं. तीही वाचत नव्हती, पाठ घासत होती.

मग कंपनीनं एक माणूस नेमला. शशिकांत मुळीक. वय चोवीस, जुनी दुचाकी, पिवळं हेल्मेट. काम काय? रस्त्यात ज्यांची जमीन गेली त्या प्रत्येक बाधित व्यक्तीला दर सोमवारी समक्ष भेटायचं. या आठवड्यात काम कुठं चालणार, पलीकडं जायची वाट कुठून राहणार, हे वाचून दाखवायचं आणि सही घ्यायची. यादीत त्रेसष्ट नावं. क्रमांक एकेचाळीसला लिहिलेलं — श्री. म्हसोबा. वय, पुष्कळ. मोबाईल, नाही.

हसू नका. चार गुंठे जमीन देवाच्या नावावर होती, सातबाऱ्यावर कब्जेदार देव. त्यातली दोन गेली. मग देव बाधित नाही तर काय?

शशिकांत साहेबांना म्हणाला, “सर, एकेचाळीस नंबर दगड आहे.”

साहेब म्हणाले, “मुळीक, लोकांबद्दल असं बोलू नये.”

गेला बिचारा. दगडासमोर उभा राहिला, घसा साफ केला आणि सगळी सूचना वाचली. सही? त्यानं कागद देवाच्या पोटाला टेकवला, शेंदूर उमटला. ऑफिसात म्हणाले, अख्ख्या यादीत हीच सही सुवाच्य आहे.

आणि वाचून होतं न होतं तोच झाडामागून आवाज आला — “मंजी या आठवड्याला वाट कुठनं म्हनायची, बाळा?”

शशिकांतनं पटकन हेल्मेट काढलं. त्याला वाटलं, एकेचाळीस नंबर बोलला.

झाडामागं दोन म्हाताऱ्या जेवायला बसल्या होत्या. सख्ख्या बहिणी. थोरली हौसाक्का खालच्या वाडीत दिलेली, धाकटी चांगुणा वरच्या वाडीत. दोघींना ना जमीन, ना फोन. पण पन्नास वर्षं एक नेम होता. दुपारी बारा वाजता करंजाखाली यायचं. हौसाक्कानं भाकरी आणायची, चांगुणानं कोरड्यास, म्हणजे कालवण. एकीनं दोन्ही आणायचं नाही. का? हौसाक्का म्हणायची, “दोन्ही आनलं तर ही येईल कशाला? लबाड हाय पयल्यापास्नं.”

म्हणजे एक आली नाही तर दुसरीनं काय करायचं? कोरडी भाकरी चावायची, नाहीतर नुसतं कोरड्यास प्यायचं. मंडळी, प्रेम प्रेम म्हणतात ते आणखी काय असतं? आपलं अर्धं जेवण दुसऱ्याच्या घरी शिजत ठेवायचं.

तेव्हापासून शशिकांत दर सोमवारी बरोबर बाराला यायचा. वाचायचा देवाला. ऐकायच्या बहिणी. देवाला वाचून झालं की चांगुणा विचारायची, “आज वाट कुठनं हाय?” आणि तो सांगायचा — “या आठवड्यात विजेच्या खांबापासून, मावशी. पिवळ्या पट्टीच्या आत चला. डंपर आला की थांबा.” हे वाक्य कुठल्याच सूचनेत नव्हतं.

भराव वाढत गेला. गुडघ्याएवढा, कमरेएवढा, पुरुषभर. आणि एका सोमवारी शशिकांत वाचता वाचता अडखळला. महिन्याभरात पलीकडं जायची वाट कायमची बंद. पुढं जायचं तर फाट्यावरून, अडीच किलोमीटर वळसा. हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी.

चांगुणानं आपल्या गुडघ्याकडं पाहिलं. गुडघ्यानं हरकत घेतली. पण गुडघा यादीत नव्हता.

“आमी हरकत घेतो की,” हौसाक्का म्हणाली.

“तुम्हाला घेता येत नाही, मावशी. तुम्ही बाधित नाही.”

“मग कोन हाय आमी?”

शशिकांतनं नियमांचं पुस्तक काढलं. पान उलटलं. “इतर,” तो म्हणाला, आणि त्याचा त्यालाच आवाज आवडला नाही.

चौदा दिवस गेले. पंधराव्या दिवशी सकाळी शशिकांत गुरवाला घेऊन हजर. का? यादीत हरकत घेऊ शकणारा एकच गडी त्या झाडाखाली राहत होता! आणि देवाचं मत विचारायची आपल्याकडं रीत आहे — कौल. गुरवानं दोन ओल्या पाकळ्या देवाला चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

शशिकांतनं हात जोडले. “बाधित व्यक्ती क्रमांक एकेचाळीस, आपली या कामास हरकत आहे काय?”

देव गप्प. दहा वाजले. अकरा वाजले. बाराला नेमाप्रमाणं बहिणी आल्या. पाकळ्या हलेनात. दुपारी दोनला ऑफिसात अर्ज घेणं बंद. चांगुणा देवाला म्हणाली, “आरं, पन्नास वर्सं तुझ्याम्होरं जेवलो. एकदा तरी कदी म्हनलास का, मला बी द्या? द्यायचं र्‍हायलं बग आमचं. राग धरू नगंस.”

तेवढ्यात भरावावरून कंपनीचा भरलेला डंपर गेला. जमीन थरथरली. उजवी पाकळी टपकन पडली.

तुम्ही म्हणाल, महाराज, ती डंपरनं पाडली. असेल. देवाला स्वतःचे हात नाहीत, तो मिळेल त्या गाडीनं काम करतो.

शशिकांतनं लिहिलं, ‘सदर व्यक्तीने उजवी पाकळी टाकून हरकत नोंदवली.’ खाली शेंदूर. दोनला पाच कमी असताना अर्ज आत.

साहेब भडकले. साहेबांचं नाव देशमाने. म्हणाले, “मुळीक, सुनावणी लावावी लागेल. हजर राहील का तो?”

“चालता येत नाही त्यांना, सर. अपंग हरकतदाराकडं अधिकाऱ्यानं जावं, असा नियम आहे.”

नियम होता. साहेब आले. बाराच्या उन्हात दगडासमोर खुर्ची टाकून बसले. त्या दिवशी वाट बंद झालेली. बारा फूट भराव. अलीकडं हौसाक्का, पदरात भाकरी. साहेब म्हणाले, “बोला, काय हरकत आहे?” देव काही बोलला नाही.

बोलली भरावापलीकडची चांगुणा. “आक्के, जेवलीस का गं?”

“न्हाई. तू?”

“कशासंगं जेवू? भाकरी तुज्याकडं हाय की.”

“मग पी की कोरड्यास.”

“गार झालं.”

 मधे बारा फूट माती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हौसाक्काला विचारलं, “आजी, खालून वाट ठेवली तर किती रुंद लागेल?”

हौसाक्कानं विचार केला. “दोगी शेजारी शेजारी चालाय पायजे. म्होरं-मागं चाललं की हिला माजं ऐकू येत न्हाई.”

साहेबांनी कागदावर लिहिलं, ‘रुंदी — दोन म्हाताऱ्या.’ नकाशावाल्यानं त्याचे सात फूट केले. मधे वाऱ्याला जागा म्हणून.

तर बोगदा झाला, मंडळी. तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं.

आठ महिने दोघी त्या गारव्यात जेवल्या. रस्त्यावरून गाड्या जायच्या, खाली भाकरी मोडायची. पहिला घास म्हसोबाला. चांगुणानं लक्षात ठेवलं होतं.

मग एका मंगळवारी पहाटे हौसाक्का गेली. झोपेत. सूचना नाही, फलक नाही.

गावाचा फोनवर गट आहे. दोनशे चौदा माणसं. सात वाजता फोटो पडला, आठपर्यंत सगळ्यांनी हात जोडले. सगळ्यांना कळलं. प्रत्येकाला वाटलं, धाकटीला कुणीतरी सांगितलं असेल. चांगुणा गटात नव्हती. ती ‘इतर’ होती.

बारा वाजता ती कोरड्यास घेऊन बोगद्यात येऊन बसली.

शशिकांतचं गावातलं काम केव्हाच संपलेलं. पण गटात त्याचा नंबर राहिलेला. त्यानं फोटो पाहिला, खालचे दोनशे हात पाहिले आणि गाडी काढली. साडेबाराला पोचला. बोगद्यात कोण बसलंय ते पाहिलं आणि त्याला कळलं की कुणीच सांगितलेलं नाही. त्या दिवशी त्याच्या हातात कागद नव्हता. तो तिच्या शेजारी खाली बसला, तिचा हात धरला आणि म्हणाला, “मावशी, आक्का गेल्या.”

चांगुणा भिंतीच्या चुन्याकडं बघत राहिली. मग नेहमीच्याच आवाजात तिनं विचारलं, “मग आता वाट कुठनं हाय, बाळा?”

दीड वर्ष दर सोमवारी त्याच्याकडं या प्रश्नाचं उत्तर असायचं.  तो उठला, तिचं भांडं हातात घेतलं आणि तिच्या शेजारून — पुढं नाही, मागं नाही — खालच्या वाडीपर्यंत चालत गेला.

मंडळी, तुमच्या फोनमधे दोनशे माणसं आहेत. बाहेर कोण राहिलंय? घरी जाताना त्या एकाच्या दारावरून जा. समक्ष. पोच नाही मिळाली तरी चालेल.

आणि तुमच्या सर्वांच्या वतीनं मी एक अर्ज केला आहे, तेवढा वाचून दाखवतो.

‘प्रति, मा. प्रकल्प प्रमुख, इहलोक ते परलोक बाह्यवळण रस्ता. विषय — पूर्वसूचना मिळणेबाबत. महोदय, दोन बहिणींपैकी एकीस नेण्याचे योजिल्यास दुसरीस किमान पंधरा दिवस आधी, समक्ष, तिला समजेल अशा भाषेत कळवावे. तसेच सदर भरावाखालून दोघींना शेजारी शेजारी चालता येईल एवढी वाट, दररोज दुपारी बारा ते एक, खुली ठेवावी. सोबत म्हसोबाची सही जोडली आहे. कळावे, ही विनंती.’