फळ्यावरची तिसरी ओळ

नाशिकच्या स्टँडवर नांदगावच्या गाडीसाठी रांग लागली होती. हेमलताच्या पुढे एक निवृत्त गुरुजी आणि हातात पेढ्यांचा पुडा घेतलेली त्यांची बायको.

“अवो, आज तुमच्या जुन्या शाळेत बोलावलंय, तर काय लिहाल फळ्यावर?”

“पंचवीस जूनचा दिनविशेष. पंचाहत्तर साली आणीबाणी. त्र्याऐंशी साली विश्वचषक.”

“आणीबाणी ऱ्हाऊ द्या. विश्वचषकाच्याच दिवशी आपली प्रतिभा झाली. बाहेर फटाके उडाले, मला वाटलं पोरीसाठीच!”

“मलाही तसंच वाटलं होतं गं.”

“अन् तिसरी ओळ?”

“लिहीन की. ‘आज प्रतिभाचा वाढदिवस.’ वाढदिवसाला सगळ्याच पोरांची नावं लिहायचो, तसं तिचंही.”

“चौथीत तापानं गेली ती. तरी दरवर्षी लिहीत राहिलात.”

हेमलतानं कानातले इअरफोन हळूच काढले.

“पोरं विचारत नव्हती, कोण ही प्रतिभा?” बायकोनं विचारलं.

“विचारायची. चौथीतली आहे, म्हणायचो.”

“अन् वर्गात दिसत नाय, म्हणली तर?”

“आज गैरहजर आहे, म्हणायचो.”