अंगठ्यासाठी घेतलेली रील

लिहा ताई, पन आधी गावाचं लिहा, मासे मागनं. उस्मानाबाद जिल्ह्यातलं आमचं गाव, तिथं चांगल्या पान्याची एकच इहीर आन् तिच्यावर आमच्या आळीची घागर चालत न्हवती, आमची आई ओढ्यात झिरा खांदायची आन् वाटीवाटीनं पानी भरायची, आन् आता म्या रोज समुद्राच्या कडंला ऱ्हातो, हाय का न्हाई गंमत. बाप माझा अंगठेबहाद्दर. दोन एकर रान व्हतं. गावातल्याच एकानं त्याला तालुक्याला नेलं, च्या पाजला, म्हनला मोजनीचा कागद हाय, उठव अंगठा, आन् बापानं उठवला, आन् घरी आल्यावर कळलं की रान गेलं. तवापासनं माझा बाप शाईचं बोट बगितलं की तोंड फिरवायचा. मला म्हनायचा, काय बी कर, पर सही शीक.

म्हनून शिकलो. दहावी झालो, आयटीआयला वायंडरचा ट्रेड घेतला, मंग सोलापूरला एका उस्तादाकडं मोटरी भरायला बसलो. मोटर भरायची म्हंजी काय सांगू तुम्हाला, आत लोखंडाला खाचा असत्यात, स्लॉट म्हनत्यात, त्यात तांब्याची तार गुंडाळून बसवायची, आन् तार गुंडाळताना ती अंगठ्याखालनं जाती, अंगठा तिला जरा जरा दाबून ठिवतो, सैल पडली तर मोटर जळती, जास्त ताणली तर तार तुटती. सगळा खेळ अंगठ्याचा. उस्ताद म्हनायचा, स्लॉट गच्च भर, हवा ठिवू नको, हवा ठिवली की मोटर आवाज करती आन् गिऱ्हाईक शिव्या देतं. हे ध्यानात ठिवा ताई, म्होरं कामाला येतंय.

बहारीनला आलो ती कुवेतची लढाई झाली त्याच्या म्होरल्या साली. एशीच्या मोटरी भरायचं वर्कशॉप, मालक बहारीनी, त्याला सगळे अरबाब म्हनत्यात, आन् त्याच्या खाली सगळं बगायला एक इंजिनिअर साहेब, पुन्याचे. साहेब वाईट मानूस न्हवता, खोटं कशाला बोलू, दिवाळीला डबा भरून चकल्या आनायचा. पन मला कधी नावानं हाक मारली न्हाई, वायंडर म्हनायचा. ऱ्हायला झिंज म्हनून वस्ती हाय तिथं, एका खोलीत सहा जनं, माझ्या बाजूच्या पलंगावर जोसेफ, केरळचा, आमच्याच वर्कशॉपात वेल्डर.

तीन-चार वरसं चांगली गेली. मंग एक दिवस मोठ्या ब्लोअरची मोटर खोलली आन् तिचं आतलं लोखंड उचलताना हातातनं सुटलं, त्याच्या पत्र्याची धार उजव्या अंगठ्याच्या बुडाला लागली. रगत तर गेलंच, पर आतली शीर तुटली. डॉक्टरनं शिवलं, प्लास्टर घातलं, आन् प्लास्टर निघालं तर अंगठा असा उभाच, लाकडावानी, त्याला काय लागलं तर कळना. डॉक्टरनं रबरी चेंडू दिला, दाबत बस म्हनला. म्या दाबायचो आन् मला रडू यायचं. चाळीस वर्साचा मानूस पलंगावर बसून चेंडू दाबतोय.

आन् हे ऐका. प्लास्टर हातात असतानाच साहेब खोलीवर आला, सफरचंदं घेऊन आल्ता, आन् खिशातनं कागद काढला. इंग्रजीत टाईप केलेला. म्हनला, राजीनामा आहे, स्वतःहून जातोय असं लिहिलंय, तिकीट आणि हिशेब व्यवस्थित देऊ, वायंडरचा अंगठा गेला म्हणजे काय राहिलं सांग, घरी जा, दुकान टाक. म्या म्हनलं साहेब, हात बांधलेला हाय, सही कशी करू. तर काय म्हनावं त्यानं, डाव्या हाताचा अंगठा लाव, तरी चालेल.

ताई, माझ्या अंगात आग भडकली. ते सफरचंद मी खाल्लं न्हाई, आजबी मला सफरचंद जात न्हाई. म्या म्हनलं, अंगठा न्हाई लावनार. शिकलेला मानूस हाय म्या, सही करतो, आन् सही करायची का न्हाई ते हात बरा झाल्यावर ठरवनार. साहेब हसला. म्हनला, तुमच्या लोकांना हट्ट फार. मंग म्हनला बरं, तीन महिने स्टोअरमध्ये बस, तीन महिन्यांनी एक मोटर भरून दाखव, जमलं तर राहा, नाही जमलं तर व्हिसा कॅन्सल. आन् कागद घडी घालून परत खिशात.

पोरगी तवा नववीत. बायकोला मी टेपवर बोलून पाठवायचो, त्या कॅसेटमधी म्या हाताचं काय बी बोललो न्हाई.

आता रीलचं. जुफैरला एका बहारीनी म्हाताऱ्याचं जुन्या सामानाचं दुकान व्हतं, तिथल्या अमेरिकन नेव्हीच्या बेसवरचे लोक बदली झाली की सामान इकून जायचे. स्टोअरसाठी पंखा बगायला गेल्तो, तर तिथं कपाटात मासे पकडायच्या रीली. एक रील अशी की मधी ड्रम, त्याच्यावर दोरी गुंडाळलेली, आन् वरनं अंगठा ठिवायला जागा. म्या इचारलं हे काय. म्हाताऱ्यानं काठीला लावून दाखवलं, फेकताना अंगठा ड्रमवर ठिवायचा, दोरी सुटली की हलकाच घासत ठिवायचा, मोकळा सोडला तर ड्रम दोरीच्या म्होरं पळतो आन् सगळा गुंता होतो, आन् गळ पान्यात पडायच्या टायमाला दाबायचा. अमेरिकेत तळ्यात बास म्हनून मासा असतो, त्याच्यासाठी बनवलीय म्हनला, बहारीनमधी तो मासा मफी, म्हंजी न्हाईच, पर हितला शेरी मासा धरायला चालंल. म्या बगतच ऱ्हायलो. हे तर वायंडिंग व्हतं ताई. माझंच काम, फकस्त तारंच्या जागी दोरी.

मंग म्या मोटर घ्यायला आल्यासारखा बसलो. तीन रीली व्हत्या माझ्या खिशाला झेपतील अशा. एक चकचकीत, तिच्यावर बेअरिंगचा मोठा आकडा लिवलेला, पन ड्रम बोटानं फिरवून कानाला लावला तर खरखर, खारं पानी आत गेल्यालं. आकडा काय चाटायचाय. दुसरी चांगली व्हती, पर तिचं हँडल डाव्या बाजूला. तिसरीचा रंग उडालेला, बेअरिंग दोनच, पन ड्रम फिरवला तर आवाज न्हाई, हलवून बगितला तर इकडंतिकडं जरा बी खेळ न्हाई, उघडून बगितलं, आतले दात पितळंचे, आन् हँडल उजवीकडं. जोसेफ संगं व्हता, तो म्हनला भैया, ये मत लो, वो दूसरा टाईप लो जिसमें दोरी अपने आप गिरती, बच्चा भी चलाता. म्या म्हनलं त्यात माझ्या अंगठ्याला काय काम. मंग म्हनला लेना है तो लेफ्ट हँडलवाला लो, फिराने को अच्छा हाथ मिलेगा. म्या म्हनलं न्हाई, फेकायचं बी याच हातानं आन् गुंडाळायचं बी याच हातानं. आराम कराया म्या रील घेत न्हाई. जोसेफ म्हनला तुम पागल है. असंल.

हितं सुट्टी शुक्रवारची, पैल्या शुक्रवारी सित्राच्या पुलाकडं गेलो. घरनं दोरी भरून नेल्ती, लई मन लावून, एकाला एक चिकटून, ड्रमच्या पार काठापतूर गच्च. फेकली. भर्र आवाज झाला आन् गळ माझ्या पायापाशी, आन् रीलवर दोरीचं घरटं. तिथंच पन्नास पावलांवर आमचे साहेब आन् त्यांचे दोस्त, नव्या भारी रीली घेऊन. साहेब आला, बगितलं, म्हनला अरे वायंडर, ही रील चांगला अंगठा असणाऱ्याला जमायला वर्ष लागतं, तू हातदोरी घे ना. दोस्त हसले. म्या खाली बसलो आन् उनात तो गुंता सोडवला, अडीच-तीन तास, एक गाठ कापली न्हाई. दुसऱ्या शुक्रवारी तेच. तिसऱ्या शुक्रवारी तेच. महिना गेला. मला वाटलं अंगठाच मेलाय, साहेब खरं बोलतोय. पुलावरनं रील पान्यात टाकून द्यायला हात उचलला व्हता म्या.

टाकली न्हाई, कारन गुंता सोडवताना एक गोष्ट दिसली. वरची दोरी काढून टाकली की खालची नीट चालायची. तवा डोक्यात उजेड पडला. अरं गाढवा, तू मोटर भरलीयस. हवा ठिवायची न्हाई म्हनून गच्च भरलीयस, पर हितं ड्रम फिरनार, दोरी निघनार, तिला काठाला जागा नगं का. जोसेफ साधा वेल्डर, त्यानं भरली असती तर अर्धीच भरली असती आन् पैल्याच दिवशी जमलं असतं. माझ्या हुशारीनं महिनाभर माझंच हसं केलं. सोलापूरच्या उस्तादाला मनातल्या मनात हात जोडले आन् दोरी काढली, काठाला दोन सूत जागा सोडली.

म्होरल्या शुक्रवारी फेकली आन् ती गेली. लांब गेली न्हाई, पन गेली. आन् अंगठ्याखालनं वली दोरी घासत गेली ती मला कळली. कळली म्हंजी, ताई, जनू कुनीतरी भिताडापलीकडनं हाक मारली. म्या तिथंच उभा ऱ्हाऊन रडलो, जोसेफ म्हनला क्या हुआ, म्या म्हनलं कुछ नहीं, नमक गया आँख में. मंग रोज ड्यूटी सुटली की जायचो, शंभर-शंभर डाव फेकायचो, मासा लागो न लागो. शेरी लागले बी, झिंजच्या खोलीत सहा जनांनी खाल्ले. अंगठा अर्धा वाकाया लागला. पुरा न्हाई वाकला, आजबी वाकत न्हाई.

तीन महिने भरले. साहेबानं ब्लोअरचीच मोटर ठिवली समोर, मुद्दाम ठिवली का काय मला म्हाईत न्हाई. अरबाब बी आला बगायला. म्या बसलो, तार घेतली, अंगठा ठिवला. पैल्यागत वेग न्हवता. साहेब घड्याळ बगत व्हता, म्हनला स्लो आहे. म्या म्हनलं साहेब, वेग तार देत न्हाई, अंगठा देतो, आन् तो आता शिकतोय. संध्याकाळपतूर भरली, दुसऱ्या दिवशी वार्निश सुकवलं, मीटर लावलं, सगळं बरोबर. बटन दाबलं. मोटर चालली, आन् आवाज असा की चालू हाय का बंद ते हात लावून बगावं. अरबाबनं हात लावून बगितला. म्हनला खलास, यल्ला, म्हंजी झालं, चल, काम कर.

साहेब फाईल मिटत व्हता. म्या म्हनलं साहेब, तो कागद द्या. कुठला म्हनला. म्या म्हनलं तुमच्या फाईलीत हाय तो, माझा राजीनामा, सही ऱ्हायलीय माझी. अरबाब बगाया लागला. साहेबानं कागद काढून दिला. म्या पेन घेतला, उजव्या हातात, अंगठ्यानं दाबून, आन् कागदावर आडवं मराठीत लिवलं, मी जात नाही. आन् खाली पुरी सही केली, माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. बापाचं नाव जरा मोठंच लिवलं. आन् कागद परत साहेबाच्या हातात दिला, म्हनलं ठिवा फाईलीत.

आता त्याला चार वरसं झाली. साहेब हायत अजून, म्या बी हाय. गेल्या साली त्यांची भारी रील खाऱ्या पान्यानं जाम झाली तवा माझ्याकडं आनली, म्या खोलून, धुवून, तेल देऊन दिली, आन् देताना ते पैल्यांदा माझ्या नावानं बोलले, म्हनले गायकवाड, थँक्यू. म्या चकल्या बी खातो त्यांच्या. सफरचंद न्हाई खात. पोरगी आता कॉलेजात हाय, तिनं घराच्या कागदावर माझ्या, म्हंजी तिच्या बापाच्या, जागी सही केली, फोनवर सांगत व्हती. तुम्ही एवढं उनाचं आलात, लिहून घेतलंत, तुमचं चांगलं होवो. लिवून झालं की कागद मला दाखवा, वाचून बगतो, आन् खाली सही करतो. जयभीम.