तिसऱ्या प्रकरणातला पोस्टमन

प्रकाशकसाहेब, तुम्ही तिचं पुस्तक न वाचताच छापलंत. काल मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी तुमची ती हलक्याफुलक्या खूनकथांची लेखिका आणि तिची मुलगी. कानावर पडलं तसं देतो.

“आई, पोस्टमन तिसऱ्या प्रकरणात विषानं मेला ना?”

“मेला. मीच मारला की!”

“मग नवव्यात चहाला कसा येतो?”

“मेलेला माणूस चहाला येईल? काहीतरीच तुझं.”

“छापलंय गं. वाचकांची पत्रं आली तेव्हा मला कळलं. वर्ष गेलं त्यात. छापायच्या आधीच कळून तुला इथं आणलं असतं तर औषधाचा उपयोग झाला असता, म्हणाले डॉक्टर मागच्या खेपेला.”

“साहेब वाचतात सगळं. तेवीस पुस्तकं वाचलीत त्यांनी.”

“ते म्हणतात, मांजर आहे, चहा आहे, खून आहे, एवढं पुरे.”

“बरं, खुनी कोण निघाला?”

“कुणीच नाही. शेवटपर्यंत लिहिलंच नाहीस तू.”

“असं कसं होईल, शहाणे? लाव साहेबांना फोन. त्यांनी छापलंय, त्यांना ठाऊक असणारच.”

साहेब, सांगा तिला.