मोहाच्या पाण्यावरची साय

प्रदर्शनात बैलजोडीपेक्षा जास्त गर्दी आयशाबीच्या सायीपुढं झाली. पण ते राहू द्या. ते अजून घडलंच नाही, असं धरून चालू. त्याआधी घाटंजीत शेती प्रदर्शनाच्या नोंदणीला रांग लागली होती, अन् कापसाची बोंडं घेऊन उभ्या लखीरामच्या कानावर पुढं टेबलाशी चाललेलं नोंदणीबाबूचं अन् आयशाबीचं बोलणं पडत होतं.

"आयशाबी, भांड्यात काय हाय?"

"सिरक्यावरची साय, बाबूसाहेब. गुळाचं पाणी आंबून सिरका झाला का वर धरते, ते. मीच वाढवली."

"अन् सिरका?"

"फेकून देला."

"लोक साय फेकतात, सिरका ठेवतात!"

"म्हणून त्यायची साय कागदावानी राह्यते. नुसत्या गुळाच्या पाण्यावर माहीबी तशीच येत होती. चहाचं पाणी टाकलं, तं लुगड्यावानी झाली. मोहफुलाचा काढा टाकला, तं पाहा, भाकरीएवढी जाड! ओढा, फाटते का?"

"नाही फाटत. पण लिहू कशात? कापूस, ज्वारी, का जनावरं?"

"रोज खाते, रोज वाढते. जनावरांत लिहा."

"फारमात शिंगं विचारली हायेत."

"अजून नाही आली."

"दूध?"

"आंबट."

"मंग वर अर्ज करा लागते."

"लिहा नं! मी अंगठा देतो."

लखीरामनं मान लांब केली. बाबू लिहीत होता, "सबब विनंती, की सदर सायीचे वय लहान असल्याने तिला शिंगांच्या अटीतून पाच वर्षे सूट मिळावी."