काळं पान

संध्याकाळी सहा वाजता वाचनालयाच्या रांगेत माझ्यापुढच्या गृहस्थांनी लेकीचं चित्रपुस्तक मुदत वाढवण्यासाठी ग्रंथपाल बाईंपुढे ठेवलं.

“अंधाराची भीती गेली का तिची?”

“बाई, ते अख्खं काळं पान मी रोज गुपचूप गाळायचो. म्हटलं, घाबरेल.”

“अहो, त्या पानासाठीच तर पुस्तक दिलं होतं!”

“काल पकडलं ना तिनं! म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला भीती वाटते होय? माझा हात धरा.’ मग स्वतःच पान उघडलं आणि त्यात झोपलेलं मांजर मला दाखवलं.”

“शाबास गं पोरी! आणि दिवा?”

“तिनंच बंद केला. आज खोलीचं दारही लावणार म्हणतेय. लावू द्यावं?”

“तिचं ठरलंय. तुमचं काय?”

गृहस्थ पुस्तक घेऊन निघाले.